अंगावरची घोंगडी

फार फार मागे, माणसाच्या अंगावर अस्वलासारखे केस होते, बरं का. जणू घोंगडीच. पोरं आईच्या पाठीवरचे केस मुठीत धरायची आणि झुलत झुलत जायची. संध्याकाळी सगळी टोळी एकमेकांच्या उवा काढत बसायची. ज्याच्या उवा काढायला कोणी येत नसे, त्यानं सकाळी टोळी सोडून जायचं. असा नियमच होता.

मग काय झालं, पाऊस पडेनासा झाला. झाडं वाळली, फळं संपली. उरला नुसता माळ आणि माळावरची हरणं. पण सकाळ-संध्याकाळ शिकार सिंहाची. माणसाला उरली भर दुपार. तेव्हा हरणामागे धावायचं, तर अंगावर ही घोंगडी! सावरी नावाच्या बाईचा नवरा धावता धावता कोसळला, तो उठलाच नाही. मग थोरला मुलगा. मग मधला. राहिली एवढीशी चिमी, आणि तिच्याही बरगड्या दिसायला लागल्या.

मग सावरी टेकडीवर चढली. सूर्याला म्हणाली, "देवा, जरा कमी ताप."

"मी तापलो नाही तर ढग कुठून येतील?"

"मग आम्हाला सकाळ दे."

"ती सिंहाला दिली. दिलेलं परत कसं मागू?"

"मग पोरीला खायला काय घालू? तुझं ऊन?"

सूर्य म्हणाला, "घोंगडी दे. केस जातील तिथून पाणी येईल, अंग निवेल. पण थंडी वाजेल, काटे टोचतील, आणि पोरीला धरायला काही राहणार नाही."

"ने," सावरी म्हणाली. "डोक्यावरचे तेवढे ठेव. तिथे तू फार लागतोस."

ती खाली आली. चिमीनं सवयीनं पाठीवर उडी मारली, ती घसरली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा पडली ती दगडावर. कपाळ फुटलं. मग सावरीनं तिला उचलून कडेवर घेतलं. तेव्हापासून कडेवर घेणं आलं.

"अगं बाई, सोललेलं रताळं आलं!" टोळीतली म्हातारी भुरकी ओरडली. सगळे दूर सरकले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सावरी हरणामागे धावली. अंगावरून घामाच्या धारा लागल्या. हरीण धापा टाकत पडलं. सावरी पडली नाही. तिनं मांस सगळ्यांना दिलं. सगळ्यांनी खाल्लं. संध्याकाळी मात्र तिच्याजवळ कोणी बसेना. हिच्या अंगावरून काढायचं काय? सकाळी चिमीला घेऊन एकटीनं माळावर जायचं, हे सावरीला कळलं.

मग चिमी तिच्या मागे जाऊन बसली. डोक्यातल्या केसांत बोटं घातली. किती वेळ शोधत राहिली.

"सापडली!"

भुरकीला राहवेना. "बघू गं, केवढी आहे?" म्हणत ती उठली आणि सावरीजवळ येऊन बसली.

मग एकेक करून सगळे टेकडीवर गेले. पहिल्या थंडीत चौघं गारठून मेली. भुरकीसुद्धा. उरली ती एकमेकांना बिलगून झोपायला शिकली. ती जगली, पोटभर जेवली, चिमीलाही पोरं झाली.

भीती वाटली की अंगावर काटा येतो ना, गोदे? ते त्या घोंगडीचे उरलेले केस, उभे राहायला बघतात. पण त्यांनी ऊब येत नाही. म्हणून जवळ सरक. डोकं इकडे कर, हात फिरवते. नीज आता.