शिदूनं घरात लावलेली वांगी

माणदेशातल्या एका गावात शिदू नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा. सगळी अडचण तिथंच होती.

त्याची बायको हौसा. तिनं माहेराहून हिरव्या काटेरी वांग्याचं बी आणलं होतं. तिची आई थकली होती, आणि ते वांगं आता दुसऱ्या कुणाकडं राहिलं नव्हतं. बाहेर थंडी कडक होती. पुढं ज्वारीची सुगी लागली की कुणाला मान वर करायला सवड मिळणार नव्हती. म्हणून सुगीआधी रोपं तयार करून ठेवायची, असं हौसानं ठरवलं.

रानात जाताना ती म्हणाली, "अहो, थोडं बी घरात पेरून ठेवा."

शिदूनं बैल सोडले, नांगर जुंपला आणि घराकडं आणला. बैल दारात अडकले. त्यानं चौकट काढून बाजूला ठेवली. दुपारपर्यंत माजघर छान नांगरून झालं.

संध्याकाळी हौसा चुलीपाशी ढेकळात बसली. "घरात म्हणजे जमिनीत नव्हे हो. डब्यात पेरायचं. आधी डब्याच्या बुडाला भोक पाडायचं, मग आत काय घालायचं ते घालायचं."

"असं होय," शिदू म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी हौसानं त्याला डबा देऊन तेल आणायला पाठवलं. शिदूनं आधी बुडाला भोक पाडलं.

"शिदू, डबा गळतोय," तेली म्हणाला.

"गळायचाच. मीच पाडलंय भोक."

घरी आला तेव्हा डबा हलका झाला होता. मागोमाग गावातली कुत्री वाट चाटत आली होती.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, कशात काय आहे ते आधी बघावं, मग करावं."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

मग हौसानं स्वतःच डबे भरले, बी पेरलं आणि ते चुलीजवळ उबेला मांडले. ती रानात गेली. शिदू डब्यांपाशी बसला. कशात काय आहे ते आधी बघावं. त्यानं एकेक बी उकरून काढलं, उजेडात धरून बघितलं आणि परत पुरलं. रोज बघितलं. बी कुजून गेलं.

हौसा त्या दिवशी जेवली नाही. उरलेलं सगळं बी तिनं पुन्हा पेरलं आणि शिदूला डब्यांना हात लावायची बंदी केली. या खेपेला रोपं तरारून वर आली. हौसाला इतका आनंद झाला, की तिनं शिदूला जवळ बसवून समजावलं, "आता दाटी झालीय. दाटी झाली की विरळणी करायची. जोमदार असतील ती ठेवायची, किरकोळ असतील ती उपटून उकिरड्यावर टाकायची."

तिनं स्वतः विरळणी करून दाखवली. शिदूनं नीट बघून घेतली.

सुगी लागली. हाताला हात म्हणून हौसाच्या माहेरची माणसं आली. भाऊ, भावजय, आई, चुलता आणि पोरंटोरं. हौसा त्यांच्यासाठी भाजी आणायला मळ्यात गेली. शिदूनं माजघरात नजर फिरवली. दाटी फार झाली होती.

हौसा परतली तेव्हा माजघरात तिचा भाऊ आणि भावजय ऐसपैस बसले होते. दोघंही अंगानं भरलेले. पोरंटोरं अंगणात रडत होती. चुलता उकिरड्यावर उभा होता. शेजारी आई बसली होती.

"जावईबापू, आमचं काय चुकलं?" म्हातारी विचारत होती.

"काही नाही," शिदू म्हणाला. "तुम्ही बारीक आहात."

हौसानं सगळ्यांच्या पाया पडून त्यांना आत आणलं. मग शिदूला गोठ्यात नेलं. "दारी आलेल्याला घालवायचं नसतं. हाताला धरून आत आणायचं. घरातलं चांगलंचुंगलं पुढं ठेवायचं. नको म्हटलं तरी आग्रह करायचा. आणि जाताना पुन्हा या म्हणायचं."

"असं होय. आता ध्यानात ठेवतो."

सुगी सरत आली. रोपं वीतभर झाली, काळोखी हिरवी. दोन दिवसांत ती वावरात लावायची होती. हौसा माणसं घेऊन शेवटची कणसं खुडायला गेली. शिदू राखणीला घरी राहिला.

संध्याकाळी तिनं बघितलं, तर चुलीजवळ पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी. डबे रिकामे. फक्त एक डबा भरलेला होता.

"रोपं कुठं गेली?" तिनं हळू विचारलं.

"पाहुणी आली होती," शिदू म्हणाला. "दारातच उभी होती. गळ्यातल्या दाव्याला धरून आत आणली. दोन-चार डबे खाल्ले आणि उठायला लागली. मी म्हटलं, असं अर्ध्यावर उठू नये. मग एकेक घास भरवला."

"कोण पाहुणी?"

"ती शेजारच्यांची शेळी."

हौसा भिंतीला टेकली. मग तिनं तो शेवटचा डबा पोटाशी धरला. "एवढा तरी ठेवलात. यातून बी धरता येईल."

"तो झाकून ठेव," शिदू म्हणाला. "उद्या लागेल. जाताना मी तिला म्हटलं, पुन्हा ये, करडांनाही घेऊन ये."

"मग?"

"बें म्हणाली."