नऊशे हातांचा महाल

एका राज्यात न्यायासनाच्या कठड्यावर एक साळुंकी बसत असे. ती माणसासारखी बोले, आणि तिच्यापुढे राणीसाहेबही जपून बोलत. त्याच राज्यात म्हाळोजी नावाचा मोजणीदार होता. घरं, महाल मोजावेत आणि मापाखाली शिक्का मारावा, हे त्याचं पिढीजात काम. रिवाज असा, की मोजणीदाराने अनवाणी, उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत स्वतः चालायचं.

सात वर्षांपूर्वी म्हाळोजी नेमका तिथेच चुकला. सरदार रणधवलांचा महाल मोजायला गेला, तर दारातच पाट मांडलेला. खव्याच्या पोळ्या, वर तूप, वर आग्रह! जेवण अंगावर आलं. सरदार म्हणाले, "उन्हातान्हाचं कशाला चालता? नऊशे हात लिहा." म्हाळोजीने बसल्या जागी शिक्का मारला. महाल होता तीनशे हातांचा. त्या कागदावर सरदारांनी राजखजिन्यातून मोहरांच्या कावडी कर्जाऊ उचलल्या.

आता त्या राज्याच्या जमिनीला एक जुना शाप होता. शिक्क्याखाली खोटं माप पडलं, की तेवढी जागा लोकांच्या घरांतून आटायची. रोज जराशी. कोणाची पडवी गेली, कोणाचं माजघर गेलं. सगळ्यांत जास्त आटलं ते खुद्द म्हाळोजीचं घर. त्याची बायको सगुणा आत वाकून वाकून वाकलीच. येत्या पुनवेला ते घर पुरतं मिटणार होतं, आणि बाई काही बाहेर पडेना. "इथं नांदायला आले, इथंच राहीन," म्हणे.

महाल नऊशे हातांचा नाहीच, म्हणून खजिन्याच्या दिवाणांनी सरदारांवर दावा लावला, त्यालाही चार वर्षं झाली. शास्त्री बोलून बोलून दमले, ऐकणारे पेंगले. सरदारांचं आपलं एकच पालुपद, "महालाची शान मोजा, राणीसाहेब. शानेला हात लावून मोजता येत नाही."

राणीसाहेब कंटाळल्या. "म्हाळोजी, तीनदा मोजा. तिसरं माप अखेरचं."

पहिल्यांदा त्याने चांदीच्या काठीने मोजलं. नऊशे हात. दुसऱ्यांदा नावाड्याची दोरी आणून मोजलं. पुन्हा नऊशे! सरदार मिशीत हसले. म्हाळोजी पायरीवर मटकन बसला. तेवढ्यात साळुंकी उडत आली.

"काठी खरी आहे, दोरीही खरी आहे," ती म्हणाली. "खोटा शिक्का मारलेला हात आता खरं मोजणार नाही."

"मग तिसऱ्यांदा कशाने मोजू?"

"तोंडाने. भर दरबारात."

"शिक्का जाईल माझा."

"जाईल."

हे काय त्याला ठाऊक नव्हतं? सात वर्षं ठाऊक होतं हो! तो घरी गेला. आत दोघं मावत नव्हती, म्हणून सगुणेने खिडकीतून भाकरी दिली. त्याने बाहेर उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तिला राग आला, फार आला.

मग म्हणाली, "अहो, पुनव उद्यावर आली. दरबारात जाऊन हेच सांगा. मी तोवर भांडी आवरते."

म्हाळोजीने दरबाराच्या दारात वहाणा काढल्या. तो अनवाणी राणीसाहेबांसमोर चालत गेला.

"मी महाल मोजलाच नाही. पोळ्या खाल्ल्या आणि सांगितलं ते लिहिलं. लोकांची घरं माझ्यापायी आटली."

"हा म्हातारा चळलाय!" सरदार ओरडले.

पण शिक्का म्हाळोजीच्या कमरेला होता तिथेच दुभंगला, आणि नगरातून घरं रुंदावल्याचा आवाज आला. दिवाणांनी लगेच दुसऱ्याकडून महाल मोजवून घेतला. तीनशे हात. राणीसाहेबांनी निवाडा दिला, की सरदारांनी सगळ्या मोहरा परत कराव्यात आणि पुन्हा खजिन्याची पायरी चढू नये. म्हाळोजीचं काम गेलं.

"एवढं बोलायला सात वर्षं!" साळुंकी म्हणाली आणि पंखात चोच घालून झोपली. तीही थकली होती.

घरी सगुणा दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. घर सरळ झालं होतं, तिची पाठ मात्र तशीच राहिली होती. ते पाहून म्हाळोजीला रडू आलं.

"पुरे," ती म्हणाली. "किती हात झालं घर?"

तो अनवाणी चालला, या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत.

"बावीस."

"इतकंच?"

"इतकंच."

मग त्याने तिच्यासाठी अंथरूण घातलं, आणि दोघं सात वर्षांनी पाय लांब करून झोपली.