सुखदेव कमान ओलांडतो

आमच्या गावात एक भोळा धावणारा आहे. कोण, म्हणून शोधत बसू नका. तो मीच. सुखदेव इंगळे, पिठाच्या गिरणीवाला. लोक मला तोंडावर भोळा म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट मुलंही वाचतील.

उन्हाळा संपता संपता, शाळा उघडायच्या आधी, आमच्या गावात लांब पल्ल्याची शर्यत असते. शाळेच्या मैदानातून निघायचं, आजूबाजूच्या गावांना वळसा घालायचा आणि मैदानात उभारलेल्या कमानीखालून परत यायचं. शेवटून पहिला येणाऱ्यालाही टाळ्या मिळतात. गेल्या वर्षी मला त्याही मिळाल्या नाहीत, कारण मी पाण्याच्या टँकरवर बसून आलो. माझी बायको द्वारका कमानीखाली ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. टँकर पाहून तिनं ताटावर पदर ओढला आणि सरळ घरी गेली.

यंदा ती म्हणाली, "अवो, आपल्या पायानं कमानीखालून या. मी ताट घेऊन उभी राहीन. पन हे शेवटचं."

मला ते फार लागलं. द्वारकेनं माझ्याकडे आजवर कधी डाग-दागिना मागितला नाही. मागून मागितलं ते एवढंच. म्हणून मी बोचरे सरांकडे गेलो. सर पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. मी मनाशी ठरवलं, सर सांगतील ते अक्षरशः करायचं. त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

सर म्हणाले, "रोज धावत जाय. खाडा करू नोको."

आमच्याकडे दुपारी वीज जाते. वीज गेली की गिरणी बंद, गिरणी बंद की मी मोकळा. म्हणून मी भर दुपारी धावलो. नाल्यापर्यंत गेल्याचं आठवतं. त्यापुढचं लोकांनी सांगितलं.

सर म्हणाले, "उन्हात कोनी धावते काय बाप्पा? सावली पाहून धावजो. सावली सोडू नोको."

"चुकलं सर. पुढच्या टायमाले तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची बाभळीची झाडं संपली आणि ऊन लागलं. इतक्यात कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीची सावली चांगली गडद होती. मी ती धरली. ट्रॅक्टर वळला, मी वळलो. ट्रॅक्टर चहाला थांबला, मी थांबलो. शेवटी तो मागे मागे येत एका गोठ्यात शिरला, तसा मीही मागे मागे जात गोठ्यात शिरलो. तालुका कोणता ते तिथल्या म्हातारीला विचारावं लागलं. आपला नव्हता.

केसातलं कुटार झाडत मी सरांपुढे उभा राहिलो. सरांनी डोक्याला हात लावला. "दुसऱ्याच्या मागं कायले गेला? आपलं अंतर आपन ठरवजो अन् ते पुरं करजो. मंधात कोनी किती हाका मारल्या तरी थांबू नोको."

"चुकलं सर. पुढच्या टायमाले तसंच करतो."

मग लग्नसराई आली. लग्नांच्या प्रवासात भल्याभल्यांचा सराव मोडतो, असं सर म्हणायचे. मी मोडू दिला नाही. माझ्या मेव्हण्याचं, प्रफुलचं लग्न होतं. वरात घेऊन आम्ही मुलीच्या गावी गेलो. प्रफुल घोडीवर बसला होता. घोडीवाल्याला बिडी ओढायची होती, म्हणून त्यानं लगाम माझ्या हातात दिला. मी विचार केला, धावायचे बूट पायात आहेतच, आजचं अंतर इथंच उरकून घेऊ. मी धावायला लागलो. घोडीला बँडचा कंटाळा आलाच होता, तीही निघाली.

मंडप आला. मुलीकडचे हार घेऊन उभे होते. माझं अंतर अजून पुरं व्हायचं होतं. मंडप गेला.

"भाऊजी!" प्रफुल वरून ओरडत होता. "मंडप! मंडप मागं राह्यला!"

पण कोणी किती हाका मारल्या तरी थांबायचं नव्हतं. आम्ही पुढच्या गावात पोचलो, तिथेही एक लग्न होतं. त्यांचा नवरदेव अजून यायचा होता. त्यांनी आनंदानं प्रफुलला खाली उतरवून घेतलं आणि पाय धुवायला सुरुवात केली. मागून जीपनं सासरे आले म्हणून बरं, नाहीतर माझ्या मेव्हण्याचा संसार भलतीकडेच सुरू झाला असता. पंगतीत त्या दिवशी मला कोणी जिलबीचा आग्रह केला नाही.

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "आरे, चार लोकाइत असलं का चार लोकाइसारखं वागा लागते! ते थांबले का थांबजो, ते धावले का धावजो."

"चुकलं सर. पुढच्या टायमाले तसंच करतो."

लग्न लावून परतलो, पण मुक्काम अजून सासुरवाडीलाच होता. सकाळी मी अर्ध्या चड्डीवर सरावाला निघालो. फाट्यावर चार लोक उभे होते. मीही उभा राहिलो. एकाएकी ते चौघं धावत सुटले. मीही सुटलो. चांगले जीव तोडून धावत होते. मग ते एसटीत चढले.

अमरावतीच्या स्टँडवरून मी सरांना पुन्हा फोन लावला. सर हळू आवाजात म्हणाले, "सुखदेवा, आता एकच गोष्ट ध्यानात ठेवजो. धावाले घरून निघजो अन् घरीच वापस येजो. घर सोडून दुसरीकडं कुठीच जाऊ नोको."

आणि काय सांगू, त्यानंतर माझा सराव खरोखर झकास झाला. पहाटे डोक्याला ओला दुपट्टा बांधायचा, उन्हाची झळ लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, घरून निघायचं आणि घरी यायचं. आल्यावर द्वारका माठातलं पाणी द्यायची. तिच्या चेहऱ्यावर हसू दिसायला लागलं होतं. मलाही वाटायला लागलं, आपण काही अगदीच हे नाही.

शर्यतीच्या दिवशी द्वारकेनं घराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि ताट घेऊन मैदानात गेली. सरांनी शिट्टी मारली. मी असा धावलो की शेवटच्या वळणावर माझ्यापुढे कोणीच नव्हतं. डावीकडे मैदान, उजवीकडे आमची गल्ली. मला कमान दिसली. कमानीखाली द्वारका दिसली. ताटात निरांजन पेटलेलं होतं. खोटं कशाला बोलू, पाय क्षणभर तिकडे ओढले गेले. पण सरांचा शब्द होता. मी उजवीकडे वळलो आणि घरी आलो.

दाराला कुलूप.

मी मागे वळून पाहिलं, तर सगळी शर्यत माझ्या अंगणात. पुढचा माणूस गावातलाच, त्याला रस्ता माहीत असणार, असं समजून सगळे माझ्यामागे आले होते. बाहेरचा माठ त्यांनी बघता बघता रिकामा केला. तेवढ्यात धापा टाकत सर आले. त्यांच्यामागून द्वारका आली. वाऱ्यानं तिचं निरांजन विझलं होतं.

"घरीच आलो, सर," मी म्हणालो.

सर खाली बसले. मग शिट्टीकडे बघत म्हणाले, "कमानीखालून अजून कोनीच गेलं नाई. म्हंजे शर्यत सुरूच हाय. उठा रे सगळे!"

द्वारकेनं घाईघाईनं कुलूप काढलं, कुलूप-किल्ली माझ्या हातात कोंबली आणि तेल-वात आणायला आत गेली. आतूनच ओरडली, "पाहत काय राह्यले? कुलूप लावा अन् धावा! मी आलीच ताट घेऊन!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी सांगणं मला एका दमात कळलं. मी कुलूप लावलं आणि धावलो.

बाकीचे पाणी पिऊन जड झाले होते. मी पहिला आलो. आपल्या पायांनी आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी मला मिठी मारली आणि सर रडले. मीही रडलो. मग ओवाळून घ्यायला म्हणून मी मान पुढे केली. पुढे कोणीच नव्हतं.

"द्वारका कुठी हाय रे?" सरांनी विचारलं.

मी मूठ उघडली. मुठीत किल्ली होती.

त्यानंतर मी घराकडे जो धावलो, तसा शर्यतीतही धावलो नव्हतो. "आता हळू जाय! छाती फुटन!" सर मागून ओरडत होते. सरांचं तेवढं एकच सांगणं मी आजवर मोडलं आहे.