दात लागला तर

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी कॉन्व्हेंटच्या मागच्या पडवीत शिरले आणि चप्पल काढायच्या आधीच विचारलं,

"सिस्टर, पोर ख्रिस्तप्रसाद घेणार नाही म्हणते. काय करू?"

सिस्टर उर्सुला ओस्त्या करत होत्या. मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, वेदीवर लागतात त्या पांढऱ्या पातळ चकत्या; फादर त्यांच्यावर प्रार्थना म्हणतात, मग तोच ख्रिस्तप्रसाद. वय एक्याऐंशी, पण आमच्या गावाच्या ओस्त्या अजून त्याच भाजतात. गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. विजेवर तापलेल्या लोखंडी साच्यात ते ओततात, वरून दाबतात, की कागदासारखी मोठी पोळी निघते. मग तिच्या गोल चकत्या कापायच्या.

"कोणाची पोर?"

"माझीच. जेनिशा. आठ वर्षांची. पहिला ख्रिस्तप्रसाद आहे तिचा."

"कधी?"

"उद्या नाही, पुढच्या रविवारी."

"आठ दिवस आहेत की. बस."

मी बसले नाही.

"फ्रॉक शिवून आलाय सिस्टर. नणंदा मिरारोडवरून निघायच्या तयारीत आहेत. आणि ही काल म्हणते, मी नाही घेणार. मी ठरवलंय, ती घेणार म्हणजे घेणार. तुम्ही फक्त तिला एकदा दम द्या."

"मी?"

"तुम्हाला घाबरेल ती."

सिस्टरने चकत्या कापायचा गोल साचा माझ्या हातात दिला. "हे काप तोपर्यंत."

मी कापायला लागले. पोळी कडाकड मोडली.

"हळू ग. पापड नाही तो."

मी दुसरी घेतली. तोंड चालूच होतं माझं.

"आमच्याकडून काही कमी नाही झालं, सिस्टर. लग्न झाल्यापासून एक दिवस जपमाळ चुकली नाही. सात वाजले की टीव्ही बंद. सगळ्यांचे मोबाईल तांदळाच्या डब्यात. नवरा, विल्सन, कामावरून आला तरी आधी गुडघे टेकायचे, मग चहा. तिच्या वर्गातल्या मुली रील काढतात, कमरा हलवतात. मी तिला त्यांच्यात सोडत नाही. वाढदिवसाला बोलावतात, पाठवत नाही. बाहेरचं वारंसुद्धा लागू देत नाही."

"आणि घरात?"

"घरात काय?"

"घरात कसलं वारं असतं?"

मी कापत राहिले.

"ती नाही का म्हणते?"

"हट्ट. दुसरं काय."

"विचारलंस?"

"विचारलं. रडते."

"रडताना काय म्हणते?"

मी नवी पोळी पुढे ओढली.

"ब्रिजिता. काय म्हणते?"

"म्हणते... दात लागला तर?"

सिस्टरचा हात थांबला.

"मीच शिकवलंय तिला," मी म्हटलं. "ख्रिस्ताचं शरीर आहे, दात लावायचा नाही. जिभेवर ठेवायचं, तोंड मिटायचं, विरघळू द्यायचं. दात लागला तर येशूला दुखतं. माझ्या आईने मला हेच शिकवलं. रोज संध्याकाळी बिस्किटाचा तुकडा जिभेवर ठेवून सराव घेते तिच्याकडून. दात लागला की पुन्हा पहिल्यापासून."

"काल किती वेळा झालं?"

"सात."

"बिस्किटं संपली असतील."

"तुम्ही हसताय सिस्टर, पण माझा जीव जातोय. तिचा पुढचा दात हलतोय. म्हणते, मम्मी, मी नाही लावत, तो आपोआपच हलतो. मी येशूला मारणार नाही. त्यापेक्षा मी घेतच नाही."

चकत्या कापून झाल्यावर कडेचं जे कातरण उरतं, त्यातला एक लांब तुकडा त्यांनी उचलला. तोंडात टाकला.

कर्रकन आवाज झाला.

"सिस्टर!"

"काय झालं?"

"असं... दातांनी..."

"अजून मिस्सेत गेलेली नाही ही. नुसतं पीठ आहे. घे, तूही खा."

"मला नको."

"घे म्हणते ना."

मी घेतला. जिभेवर ठेवला. तोंड मिटलं. डोळेही आपोआप मिटले.

"चाव."

मी मान हलवली.

"अग पीठ आहे. चाव."

मला सगळं कळत होतं. नुसतं पीठ आहे, हे मला पोरीपेक्षा जास्त कळत होतं. तरी जबडा हलेना. एकतीस वर्षांची बाई मी, आणि शाळेत उभं केल्यासारखी घट्ट तोंड मिटून बसले होते. म्हणजे उभीच होते. मग बसले.

सिस्टरही समोरच्या स्टुलावर बसल्या. साच्यातून वाफ येत होती. त्यांनी तो बंद केला.

"तुझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं काय आठवतं तुला?"

तुकडा एव्हाना विरघळला होता.

"पांढरे मोजे होते. टोचत होते. फादरनी जिभेवर ठेवलं. बाकावर येऊन बसेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग आईने विचारलं, दात लागला का? मी म्हटलं, नाही. तिने डोक्यावरून हात फिरवला."

"आणि येशू?"

मी बोटांवरचा चुरा चोळत राहिले.

"ब्रिजिता?"

"तो नाही आठवत, सिस्टर."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हाताला चुरा लागलेला, त्यामुळे पुसताही येईना.

सिस्टरने दुसरा तुकडा पुढे केला.

मी चावला.

इतका मोठा आवाज झाला की मलाच दचकायला झालं. सिस्टर हसल्या. हसताना त्यांना खोकला लागला, आणि खोकल्यातून पुन्हा हसू. मग मलाही आवरेना. पीठ टाळूला चिकटलं.

"आज घरी गेल्यावर पहिलं हे करते," मी म्हटलं. "तिच्यापुढे बसून चावते. तिलाही चावायला देते. हलतोय त्या दातानेच चावू दे."

"बरं."

"पण सिस्टर..."

"बोल."

"हे एक सैल सोडलं की सगळंच सैल पडेल. भीती नसेल तर ही पोरं देवळात कशाला येतील? बाहेर सगळं किती गोड आहे."

"म्हणून आपण कडू व्हायचं?"

"मग जपमाळ?"

"सोडू नकोस. कधीच."

"मोबाईल?"

"राहू देत तांदळात. तुझा चेहरा तेवढा बाहेर काढ."

"आणि ते वाढदिवस?"

"आता कोणाचा आहे?"

"परवाच, पलीकडच्या बिल्डिंगमधल्या मुलीचा आहे. आर्वीचा. जेनिशा सारखी मागे लागलीय."

"तूही जा तिच्याबरोबर. केक खा. नाचायला ओढलं तर नाच. तू कोणाला मानतेस, कोणाची आहेस, ते कोणी विचारलं तर सांग."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारतील. तू खूश दिसलीस तर विचारतील."

मी उठले. कापलेल्या चकत्या एका डब्यात, मोडलेल्या दुसऱ्या डब्यात. मोडलेल्याच जास्त होत्या. मी काही बोलायच्या आत सिस्टरने तो दुसरा डबा माझ्या हातात दिला.

"हा घरी ने. पोरीला खाऊ."

मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"सिस्टर, एकटी जेनिशाच नाही. वाडीतल्या सगळ्या आया हेच शिकवतात. बिस्किटाचा सराव मी शेजारच्या मेटिल्डाकडून उचलला, मेटिल्डाने तिच्या जावेकडून."

"मग सांग त्यांना."

"मी? माझं कोण ऐकणार? म्हणतील, हिला फार कळायला लागलं."

"म्हणू देत."

मी डबा काखेत धरला. पुढच्या रविवारी मिस्सेआधी आमच्या वाडीतल्या क्रुसापाशी सगळ्या आया जमणार होत्या, फोटोसाठी. पण तोपर्यंत थांबायचं नाही, आजच घरोघर जायचं, हे मी त्या पायरीवरच ठरवलं.

"सांगते. एकेकीच्या दारात जाऊन सांगते. पण काय सांगू? नियम तर आम्ही सगळे पाळतो, सिस्टर. मिस्सेआधी तासभर पोरांना पाण्याशिवाय काही देत नाही. सगळ्या आपापली पोरं उपाशीच आणतात."

सिस्टरने साचा पुन्हा चालू केला. पीठ ढवळलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"उपाशी सगळ्याच आणतात. तू त्यांना सांग, भुकेली आणा."