महाराजांचे पाय, अंबूताईंचा गजरा

चातुर्मासात मठातल्या प्रत्येकाने आवडती एक गोष्ट सोडायची. बहुतेक जण वांगं सोडून मोकळे होत. यंदा महाराजांनी अंबूताईंच्या मोगऱ्याच्या गजऱ्याकडे बोट दाखवलं.

"हा मोह सुटल्याशिवाय देव भेटायचा नाही."

"गजरा माळला की माझं जपात मन लागतं, महाराज. तरी काढते. पण तुम्हीही कुणाला पाया पडू देऊ नका. तुम्ही पाळाल तोवर मीही पाळेन."

"मला कुठे त्याचा मोह? कबूल."

अंबूताईंनी गजरा काढून ताटात ठेवला. तेवढ्यात एक पाहुणा वाकला आणि महाराजांचे पाय आपोआप पुढे आले.

अंबूताईंनी गजरा पुन्हा माळला.

"असू द्या, महाराज. तुमचे पाय, माझा गजरा, सगळं घेऊनच देवाकडे जाऊ."