सुखदेवच्या तीन हवाई फेऱ्या

दगडसांगवी नावाच्या गावात सुखदेव उगले नावाचा एक भोळा पोरगा राहत होता. भोळा म्हणजे किती, ते ऐका. एकदा आईने त्याला सांगितलं, "फाट्यावर जाऊन उभा राहा. एसटी येईपर्यंत हलू नकोस." सुखदेव गेला. एसटी येईपर्यंत जागचा हलला नाही. एसटी आली, तसा हलला आणि घरी आला.

"अरे, तू गेला नाहीस?" आईने विचारलं.

"कुठे?"

"पुण्याला. विमान कंपनीच्या मुलाखतीला."

"एसटीत बसायचं तू कुठे म्हणालीस?"

आईने कपाळाला हात लावला. मुलाखती तीन दिवस चालणार होत्या म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः फाट्यावर आली, त्याला एसटीत बसवलं आणि खिडकीतून बजावलं, "हे बघ सुखा, तिथे मोठी माणसं सांगतील तेवढंच करायचं. आपलं डोकं मध्ये घालायचं नाही." सुखदेवने हे मनावर घेतलं. इतकं मनावर घ्यायची काही गरज नव्हती, पण घेतलं.

मुलाखतीला आलेल्या बाकीच्या पोरापोरींनी साहेबांना आपापली स्वप्नं ऐकवली. साहेब दुपारपर्यंत पार कंटाळून गेले. सुखदेवला त्यांनी एवढंच विचारलं, "सांगितलेलं ऐकशील ना?"

"ऐकेन."

"उलट उत्तर देशील?"

"तुम्ही सांगाल तेव्हा देईन."

साहेबांना वाटलं, पोरगा विनोदी आहे. वर उंचापुरा, हसरा, केसांचा भांग सरळ. घेतला ठेवून.

मग सुरू झालं प्रशिक्षण. विमानात कोणाला काही झालं तर काय करायचं, हे शिकवायला एक सर होते आणि एक रबरी बाहुला होता. सर म्हणाले, "हा प्रवासी बेशुद्ध पडलाय असं समज. शुद्धीवर येईपर्यंत त्याला सोडायचं नाही." एवढं सांगून सर चहाला गेले. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला, तर सुखदेव बाहुल्याचा हात धरून बसलेला.

"आला का शुद्धीवर?" शिपायाने गमतीने विचारलं.

"अजून नाही," सुखदेव म्हणाला. "पण मघापेक्षा चेहरा बरा वाटतोय."

कंपनी लहान होती. तिची विमानं दोनच, आणि त्यातलं एक पुणे-नागपूर, नागपूर-पुणे असं करायचं. सुखदेवला त्या विमानावर घातलं आणि सांगितलं, तीन फेऱ्या तुझ्या परीक्षेच्या. जाणं-येणं धरून एक फेरी. त्यानंतर विमानातल्या मुख्य घैसास मॅडम कागदावर शेरा लिहितील. चांगला लिहिला तर नोकरी कायम. वाईट लिहिला तर दगडसांगवी.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. दगडसांगवीत तोवर फ्लेक्स लागला होता. एसटी स्टँडसमोर, चांगला दहा फूट उंच. त्यावर सुखदेवचा फोटो, मागे विमान, आणि खाली मोठ्या अक्षरांत "गावचा पहिला हवाई कर्मचारी". त्याची आई पिठाच्या गिरणीवर रोज सगळ्यांना सांगायची, "आमचा सुखा आता वरच असतो." म्हणजे नोकरी गेली, तर त्याला त्या फ्लेक्सखालून चालत घरी जावं लागणार होतं. सुखदेव भोळा होता, पण एवढं त्याला कळत होतं.

घैसास मॅडम बावीस वर्षं विमानात काढलेल्या. कडक, पण मनाने चांगल्या. पहिल्या फेरीला नागपूरला जाताना एका कॉलेजच्या मुलीला चक्कर आली. मॅडमनी तिला आडवं केलं, पायांखाली बॅग ठेवून पाय उंच केले. दोन मिनिटांत मुलगी उठून बसली.

"बघून ठेव," मॅडम म्हणाल्या. "चक्कर आली की पाय वर."

"हो मॅडम. पाय वर."

परत येताना कापडाच्या एका व्यापाऱ्याचा घोळणा फुटला. नाकातून भळाभळा रक्त. रुमालाकडे बघून तो म्हणाला, "अरे बाप रे, मला तर चक्करच आली." सुखदेव धावला. त्याने व्यापाऱ्याला सीटवर आडवं पाडलं आणि दोन्ही पाय उचलून पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवले. पुढे एक टक्कल पडलेले वकील बसले होते. त्यांच्या डोक्यावर बूट आले. रक्त व्यापाऱ्याच्या नाकातून घशात, तिथून खोकल्याबरोबर शर्टावर आणि शर्टावरून वकिलांच्या कोटावर गेलं.

मॅडमनी सगळं निस्तरलं. मग सुखदेवला पडद्यामागे घेतलं. "अरे शहाण्या, नाकाचं काही असलं की पुढे वाकवायचं आणि नाक चिमटीत धरायचं. दहा मिनिटं सोडायचं नाही. कळलं?"

"कळलं मॅडम. नाकाचं असलं की चिमटीत."

दुसऱ्या फेरीला एक पैलवान होता. त्याचा एकेक दंड म्हणजे तुमची आमची मांडी. त्याला सर्दी झाली होती. तो सुखदेवला म्हणाला, "नाक वाहतंय राव. कागदी रुमाल असला तर द्या."

सुखदेवने घड्याळात बघितलं. पैलवानाची मान धरून पुढे वाकवली आणि नाक चिमटीत पकडलं.

"अडे, काय कडतोस?" पैलवान म्हणाला.

"दहा मिनिटं आहेत," सुखदेव म्हणाला. "त्यातलं अर्धं मिनिट झालं."

पैलवानाने त्याला एका हाताने उचलून वाटेत नीट उभं करून ठेवलं. मारलं नाही. पैलवान मंडळी शांत असतात. पण झाल्या प्रकाराने त्याचं डोकं फिरलं होतं, आणि त्या रागाच्या भरात त्याने पिशवीतून साबुदाणा वडा काढून अख्खा तोंडात टाकला. वडा घशात अडकला. पैलवान लालबुंद झाला आणि नाकाकडे आणि घशाकडे हात करू लागला.

सुखदेवने नाकाकडचा हात बघितला आणि पुन्हा नाक धरलं.

मॅडम धावत आल्या नसत्या तर पैलवानाचं काही खरं नव्हतं. त्यांनी सुखदेवला बाजूला केलं, पैलवानाला वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार धपाटे घातले. पाचव्याला वडा बाहेर पडला.

"ऐक," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "अडकलं की पाठीत पाच धपाटे. नाक नाही. पाठ. किती?"

"पाच, मॅडम."

"कधी?"

"अडकलं की."

तिसरी फेरी शेवटची. सकाळी निघताना सुखदेवने आईला फोन केला. आई म्हणाली, "सुखा, आजचा दिवस नीट काढ रे बाबा. फ्लेक्सला हार घालायचं म्हणतायत." सुखदेव बरं म्हणाला आणि विमानात चढला.

नागपूरला जाताना नऊवारीतल्या एक आजी खिडकीशी बसल्या होत्या. समोर खायचं आलेलं, त्याला हात लावला नव्हता. सुखदेव आपणहून विचारायला गेला. "आजी, खात का नाही?"

"काय सांगू तुला," आजी म्हणाल्या. "लेकीला मुलगी झालीये. अजून बघितली नाही. माझा सगळा जीव तिच्यात अडकलाय बघ."

सुखदेव थबकला. "अडकलाय?"

"अडकलाय रे. कालपासून घशाखाली घास उतरत नाही."

मग काय राहिलं? सुखदेवने आजींना पुढे वाकवलं आणि मोजून पाच धपाटे घातले. तिसऱ्याला आजींची कवळी सुटली आणि पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या कॉफीत पडली. आजी चांगल्या खणखणीत होत्या, त्यांना काही झालं नाही. त्यांनी सुखदेवला ज्या शिव्या घातल्या, त्या कवळी नसल्यामुळे कोणाला कळल्या नाहीत.

नागपूरला प्रवासी उतरले आणि मॅडमनी सुखदेवला रिकाम्या विमानात समोर बसवलं. परीक्षेचा कागद त्यांच्या हातात होता.

"मी आत्ताच लिहू का?"

सुखदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, तुम्ही सांगता तेवढंच करतो मी. जास्त काहीच करत नाही."

मॅडमना त्याची दया आली. खरंच आली. त्यांनी कागद घडी करून ठेवला. "हे बघ, आता एकच सांगते. कोणालाही काहीही करायच्या आधी नाडी बघायची. नाडी लागली, तर माणूस ठीक आहे. त्याला हात लावायचा नाही, मला हाक मारायची. आणि नाडी लागलीच नाही, तर एक क्षण घालवायचा नाही. मलाही विचारत बसायचं नाही. मागच्या फोनवरून थेट कॅप्टनला सांगायचं. म्हण बघू."

"आधी नाडी. लागली तर ठीक. नाही लागली तर कॅप्टन."

"शाब्बास."

परतीच्या विमानात सतराव्या रांगेत एक काका होते. नागपूरला भाच्याच्या लग्नात दोन दिवस जागून आले होते. सदरा, खाली सैलसर ट्रॅकपँट, आणि बसल्या बसल्या जी झोप लागली ती लागली. मान शेजारणीच्या खांद्यावर. घोरत नव्हते, एवढीच त्यांची चूक. अर्ध्या वाटेत विमान ढगांत शिरून गदागदा हलायला लागलं. कॅप्टन रणदिव्यांनी सगळ्यांना पट्टे बांधायला सांगितलं. मॅडम पुढच्या टोकाला आपल्या जागेवर अडकल्या, सुखदेव मागच्या टोकाला. तेवढ्यात शेजारणीने वळून हाक मारली. "अहो, हे काका बघा ना. मी कधीची हलवतेय, हलतच नाहीत."

सुखदेव सीटांना धरत धरत आला. धपाटा घातला नाही. पाय उचलले नाहीत. नाकाला हात लावला नाही. त्याने नाडी बघितली. सदरा जरा सारून नीट बघितली. डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली. तो मागे धावला आणि फोन उचलला.

"कॅप्टन साहेब, सतराव्या रांगेतल्या काकांची नाडी लागत नाही."

"नीट बघितलीस?"

"दोन्हीकडे बघितली साहेब. नाहीच."

कॅप्टननी एक क्षण घालवला नाही. विमान वळलं आणि सरळ संभाजीनगरला उतरायला लागलं. शेजारीण किंचाळून उठली आणि तीन रांगा पुढे जाऊन बसली. पट्टे बांधलेल्या प्रवाशांनी डोळे मिटून आपापले देव आठवले. मॅडमना जागेवरून उठता येईना. त्यांनी पुढच्या फोनवरून सुखदेवला सांगितलं, "छाती दाबायला घे. दोन्ही हातांनी, जोरात, मोजत. विमान थांबेपर्यंत थांबायचं नाही."

"कुठे बसून, मॅडम?"

"काकांच्या शेजारी, गाढवा!"

सुखदेव काकांच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि छाती दाबायला लागला. स्वतःची. कोणाची ते मॅडम बोलल्या नव्हत्या, आणि आपलं डोकं मध्ये घालायचं नव्हतं.

पुढून मॅडमना सीटांच्या वर त्याचं डोकं तेवढं वरखाली होताना दिसत होतं. आवाज येत होता, "एकशे चार, एकशे पाच." विमान हलत होतं, ट्रॉलीतले पेले वाजत होते, पण मोजणी थांबत नव्हती. अठरा मिनिटं पोरगा मोजत होता. ज्या पोराला आपण घरी पाठवणार होतो, तो मागे एकटा एका माणसाचा जीव वाचवायला झटतोय, आणि आपण त्याला गाढव म्हणालो.

चाकं धाडकन जमिनीला लागली. त्या धक्क्याने काकांनी डोळे उघडले.

"पुणे आलं का?" काकांनी विचारलं.

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं विमान टाळ्यांनी भरून गेलं. मेलेला माणूस उठून बसला होता. शेजारीण रडत रडत परत आली. काकांना कळेना की आपण काय केलं. सुखदेव मात्र जमिनीवर पडला होता. तोंड पांढरंफटक, घामाने निथळलेला, दोन्ही हात छातीवर, आणि तोंडाने अजून पुटपुटत होता, "दोन हजार सत्तर."

मॅडम धावत आल्या. त्यांनी तिथेच कागदाची घडी उलगडली, तो काकांच्या समोरच्या फळीवर ठेवला आणि रडत रडत लिहिलं, "धैर्यवान. समंजस. प्रसंगावधानी. नोकरीत कायम करावे." खाली सही केली. कॅप्टन रणदिवे बाहेर आले, त्यांनीही सही केली.

तेवढ्यात विमानतळाचे डॉक्टर स्ट्रेचर घेऊन चढले. त्यांनी एक नजर ताज्यातवान्या काकांवर टाकली, एक नजर धापा टाकणाऱ्या सुखदेववर, आणि सुखदेवलाच स्ट्रेचरवर घेतलं.

"घाबरू नकोस," डॉक्टर म्हणाले. "आधी तुझी नाडी बघू."

सुखदेवने पडल्या पडल्या सदरा वर केला.

"मला नाही साहेब, पट्टा आहे," तो म्हणाला. "त्या काकांनाही नव्हती. इलॅस्टिक आहे त्यांना. म्हणून तर विमान उतरवलं."