पहिला विडा

फार पूर्वी, लढाईलाही लग्नासारखे मानपान लागत, त्या काळात एका राज्यात एक म्हातारा सेनापती होता. त्या राज्याचं घोडदळ मोठं नावाजलेलं. पण शेजारच्या राजाने हजारो तिरंदाज उभे केले आणि या घोडदळाची पार दैना उडाली. तिरंदाज उतारावर टोकदार खुंट ठोकत आणि त्यांच्या आडून बाणांचा असा मारा करत, की घोडे खुंटांपर्यंत पोचतच नसत.

एक लढाई हातची गेली. मग ढाली जाड केल्या, घोड्यांच्या अंगावर लोखंडी पाखरा चढवल्या. त्या ओझ्याने घोडे चढावर दमले आणि पुढचीही लढाई गेली. तिच्यात सेनापतीचा थोरला मुलगा पडला. पहिल्या रांगेत होता तो.

आता पुन्हा लढाई उद्यावर आली होती आणि पहिल्या रांगेचा मान धाकट्याकडे आला होता. म्हातारा ताट बाजूला सारून विचार करत बसला.

त्या राज्याची एक रीत होती. लढाईच्या सकाळी राजा सरदारांना मानाचे विडे देई; पहिला विडा ज्या घराचा, पहिली रांगही त्याची. कोणाचं घराणं जुनं, कोणाचा विडा आधी, यावरून दर वेळी रुसवेफुगवे. उन्हं वर आल्याशिवाय कोणी घोड्यावर बसत नसे. सेनापतीला एकदम आठवलं, आपण विडे चघळत असतो तेव्हा समोरून सारखी ठकठक ऐकू येते. खुंट ठोकल्याची! हातात खुंट ठोकायची मोगरी असलेला माणूस धनुष्य कसं धरणार? घोडं पेंड खात होतं ते इथे.

तो राजाकडे गेला. "महाराज, उद्या विडे नकोत. झुंजुमुंजू होताच निघू. जो तयार असेल, तो पुढे."

सरदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "विड्याशिवाय निघायला आम्ही काय चोर आहोत?"

धाकटाही रडकुंडीला आला. "आबा, दादाचा मान माझ्याकडे आलाय. तोही तुम्ही काढून घेणार?"

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, तुझ्या दादाला मी उचलून आणलं, तेव्हा त्याच्या ओठांवरचा विड्याचा रंगही गेला नव्हता. आपल्या घराचा पहिला विडा मी आज सोडला."

 राजाने विड्यांचं तबक झाकून ठेवलं.

उजाडता उजाडता घोडदळ उतारावर पोचलं. जुनी घराणी मागे, नवखे पुढे, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. पण हे लोक उन्हं वर आल्यावरच येणार, म्हणून तिरंदाज निवांत होते. अर्धे खुंट जमिनीवर पडलेले, धनुष्यं खोळीत आणि हातात नुसत्या मोगऱ्या! शेतावरून उचलून आणलेली बिचारी माणसं ती. त्यांनी मोगऱ्या टाकून हात जोडले.

"मारू नका," सेनापती ओरडला, "यांच्याही घरी कोणी वाट बघत असेल."

संध्याकाळी राजाने तबक उघडलं. "बोला, पहिला विडा कोणाचा?"

आज भांडायला कोणी पुढे आलं नाही. धाकट्याने एक विडा उचलून आबांच्या हातावर ठेवला. "हा दादाचा."

म्हातारा ढसाढसा रडला. तेव्हापासून त्या राज्यात मानाचे विडे लढाईनंतर देऊ लागले, परत आलेल्यांना.

तात्पर्य: मानासाठी वेळ दवडला, तर मान घ्यायला माणूसच उरत नाही.